ताबा सुटलेल्या माणसांच्या गोष्टी: ब्लॅक कॉमेडी अँथॉलॉजी सिनेमा पहिल्यांदा बघताना

एका सिनेमात पाच-सहा स्वतंत्र गोष्टी. प्रत्येक गोष्टीत चारचौघांसारखा एक माणूस, आणि एखाद्या साध्याशा कारणावरून त्याचा सुटलेला ताबा. या जातीचे सिनेमे मी गेली अनेक वर्षं शोधून शोधून बघते आहे, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना बसवून दाखवलेही आहेत. त्यातले निम्मे लोक पहिल्याच सिनेमाला अर्ध्यातून उठले. भडका कधी उडतो याकडे डोळे लावून ते बसायचे, भडका उडाला की "झालं, कळलं" म्हणायचे, आणि पुढच्या गोष्टीत पुन्हा तेच होणार असं धरून चालायचे.

या सिनेमांचा जीव भडक्याच्या जरा अलीकडे असतो. माणसाला मागे फिरायला अजून वाट असते, ती त्यालाही दिसत असते, आणि तरी तो फिरत नाही. ती जागा हेरता यायला लागली की हे सिनेमे सोडवत नाहीत. ती कशी हेरायची, हेच इथे पायरीपायरीने सांगते.

१. आधी जात ओळखा

अँथॉलॉजी म्हणजे सिनेमातला कथासंग्रह. प्रत्येक गोष्ट स्वतःपुरती पूर्ण, पहिलीतली माणसं दुसरीत येत नाहीत. चार-पाच कथानकं एकमेकांत गुंतत जाऊन शेवटी एखाद्या अपघातापाशी एकत्र येतात, तो प्रकार वेगळा. तिथे डोकं धागे जुळवण्यात गुंतलेलं असतं. अँथॉलॉजीत धागे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही आणि समोरची गोष्टही निसटेल.

कधी गोष्टींना बांधणारी एखादी चौकट असते. १९४५ च्या 'डेड ऑफ नाइट' या ब्रिटिश भयपटात एका घरात जमलेली माणसं एकेक करून आपला अनुभव सांगतात. १९९५ च्या 'फोर रूम्स'मध्ये हॉटेलातला एक नोकर वर्षाच्या शेवटच्या रात्री एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. चार खोल्या, चार दिग्दर्शक. चौकट नसेल तर गोष्टींना एकत्र धरून ठेवण्याचं काम विषयाला करावं लागतं, आणि ते जास्त अवघड असतं.

आता ब्लॅक कॉमेडी. मृत्यू, सूड, फसवणूक, अपमान, ज्यावर एरवी हसायला आपण धजत नाही, ते असं मांडायचं की हसू आधी फुटावं आणि आपण कशावर हसलो हे मागून लक्षात यावं. त्यासाठी विनोदी संवाद लागत नाहीत. पात्रं तर कमालीची गंभीर असावी लागतात. आपल्यावर घोर अन्याय झालाय याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसते, म्हणून तर आपल्याला हसू येतं. पात्रच स्वतःवर हसायला लागलं की समजा, दिग्दर्शकाची पकड सुटली.

२. पहिला सिनेमा एकच घ्या, आणि हाच घ्या

सुरुवात 'रेलातोस साल्वाहेस'ने करा. अर्जेंटिनाचा २०१४ चा सिनेमा, इंग्रजीत 'वाइल्ड टेल्स' या नावाने मिळतो. लेखक-दिग्दर्शक दामियान सिफ्रॉन. स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवारच्या निर्मितीसंस्थेचा त्याला हातभार होता, संगीत गुस्तावो सांताओलायाचं. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तो दाखवला गेला आणि परभाषिक सिनेमाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं.

पण मी तो सुचवते ते या मानसन्मानांसाठी नाही. यातल्या सहाही गोष्टी एकाच माणसाने लिहिल्या आणि दिग्दर्शित केल्या आहेत. अनेक दिग्दर्शकांनी मिळून केलेल्या अँथॉलॉजीत एक गोष्ट झकास, दुसरी रटाळ, असं हमखास होतं, आणि नवख्या माणसाला रटाळ गोष्टीतून तरून जायचा धीर नसतो. इथे एकही गोष्ट भरतीची नाही. शिवाय कुठलीही चौकट नाही, सूत्रधार नाही, पात्रं सामायिक नाहीत. सहा गोष्टींना बांधणारी गोष्ट एकच, सुटलेला ताबा. हा प्रकार त्याच्या शुद्ध रूपात बघायचा तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

३. बसण्याआधी

सिनेमा दोन तास दोन मिनिटांचा आहे. एका बैठकीत बघा. गोष्टी सुट्या आहेत म्हणून रोज एक असं बघायचा मोह होतो, मी स्वतः एकदा तसं केलं आणि सगळा परिणाम हातचा घालवला. पहिली गोष्ट अगदी छोटी आहे, सिनेमाची नावं पडद्यावर यायच्या आधीच ती संपते. शेवटची ऐसपैस आहे. मधल्या चारांत वेग कुठे वाढवायचा, कुठे रोखायचा याचा हिशोब केलेला आहे. तो हिशोब एकसलग बघितल्याशिवाय अंगावर येत नाही.

डब केलेली आवृत्ती नको, मूळ स्पॅनिश आवाज आणि सबटायटल घ्या. माणूस आदराने बोलता बोलता कुठल्या वाक्याला आवाज चढवतो, खिडकीपलीकडचा कारकून किती सपाट, कंटाळलेल्या सुरात तेच वाक्य पुन्हा म्हणतो, हे सगळं आवाजात आहे. दुसऱ्याचा आवाज लावला की निम्मी गोष्ट गेली.

काही गोष्टी आधी सांगायला हव्यात. पहिली गोष्ट विमानात घडते. २०१५ च्या मार्चमध्ये युरोपात मोठी विमान दुर्घटना झाली आणि त्याच आठवड्यात हा सिनेमा ब्रिटनमध्ये लागला, तेव्हा तिथल्या काही चित्रपटगृहांनी प्रेक्षकांसाठी सूचना लावली होती. तुम्हाला विमानप्रवासाची धास्ती असेल तर प्रवासाच्या आदल्या रात्री हा सिनेमा लावू नका. तिसरी गोष्ट सगळ्यात हिंसक आहे. लहान मुलांसोबत बघायचा हा सिनेमा नव्हे.

जमलं तर दोघं-तिघं मिळून बघा. तुम्हाला हसू आलं आणि शेजारचा गप्प बसला, किंवा उलट झालं, तर त्या दोन क्षणांमधल्या फरकातच पुढची चर्चा दडलेली असते.

४. पायऱ्या मोजत बघा

ही खरी कृती, इथे थोडं थांबते. उदाहरणासाठी चौथी गोष्ट घेते, नाव 'बोंबिता', म्हणजे छोटा बॉम्ब. फक्त अर्ध्यापर्यंत सांगणार आहे.

सिमॉन हा इंजिनिअर. काम स्फोटकांनी जुनी बांधकामं पाडण्याचं. रिकार्दो दारिन या नटाने तो केला आहे, चेहरा शांत, कपडे नीटनेटके. सुरुवातीलाच आपण त्याला कामावर बघतो. धान्याच्या उंच कोठारांना सुरुंग लावलेला असतो, सगळं मोजूनमापून, आणि कोठारं ठरल्या जागी, ठरल्या क्षणी खाली बसतात. स्फोट हा या माणसाच्या हातचा मळ आहे, एवढं दिग्दर्शक एकही शब्द न बोलता सांगून जातो.

कामावरून निघून तो मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला थांबतो. बाहेर येतो तर गाडी उचलून नेलेली. ही पहिली पायरी. तो ओरडत नाही. गाड्या ठेवतात तिथे जातो आणि खिडकीवरच्या माणसाला सांगतो की त्या कडेला गाडी लावू नये अशी पिवळी खूण केलेलीच नव्हती. उत्तर मिळतं, आधी पैसे भरा. त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि त्याचा काही उपयोग नाही, ही दुसरी पायरी. तुमची चूक असेल तर माफी मागणारी खिडकी कुठे आहे, अशा अर्थाचं तो काहीतरी विचारतो. इथे बहुतेक प्रेक्षक पहिल्यांदा हसतात. तो पैसे भरतो, रहदारीत अडकतो, पार्टीला उशिरा पोचतो. बायकोचा चेहरा बघून आपल्याला कळतं की हा उशीर पहिला नाही. ही तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आत्तापर्यंत आपण पूर्णपणे सिमॉनच्या बाजूने होतो, आता पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकते की या माणसाच्या घरातलं बिनसणं गाडी उचलण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं असावं.

मग तो पैसे परत मागायला सरकारी कचेरीत जातो. रांग, काच, काचेपलीकडे कर्मचारी, तेच शब्द. आणि सिमॉन आग विझवायचं नळकांडं उचलून त्या काचेवर घालतो.

बघताना प्रत्येक पायरीला मनात एकच प्रश्न विचारा: इथून तो घरी गेला असता तर काय बिघडलं असतं? पहिल्या तीन पायऱ्यांना उत्तर सोपं आहे, थोडे पैसे गेले असते, थोडा मान गेला असता. पायऱ्या चढत जातात तसं उत्तर अवघड होत जातं, कारण आधीच्या पायऱ्यांवर जे गमावलं ते वसूल झाल्याशिवाय माघार घेणं त्याला परवडेनासं होतं. जुगारात हरणारा माणूस उठत नाही तसं. काच फुटते तो क्षण ठळक आहे, तो कुणालाही दिसतो. तुम्ही त्याच्या मागची पायरी शोधा.

हीच मोजणी तिसऱ्या गोष्टीला लावा. ओसाड महामार्गावर नव्या कोऱ्या महागड्या गाडीतला एक जण पुढच्या खटारा गाडीला ओलांडताना शिवी हासडून, बोट दाखवून पुढे निघून जातो. काही अंतरावर त्याचं चाक पंक्चर होतं, पुलाशेजारी. तो चाक बदलत असताना मागून ती खटारा गाडी येते. पुढचं सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा की त्या गोष्टीत दोघांनाही निघून जायची संधी एकदा नव्हे, अनेकदा मिळते. मी मोजली आहे, तुम्ही तुमची मोजा, मग आकडे ताडून बघायला मजा येते.

एक सावधगिरी. कधीकधी ताबा सुटणारा माणूस आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस वेगवेगळे असतात. दुसऱ्या गोष्टीत पावसाळी रात्री आडवाटेच्या खाणावळीत एकच गिऱ्हाईक येतं, आणि वाढणाऱ्या मुलीला ओळख पटते की आपल्या घराची वाताहत करणारा सावकार तो हाच. ती थरथरते, घुटमळते. उंदराच्या विषाची आठवण करून देते ती मात्र स्वयंपाकघरातली वयस्कर आचारीण, आणि ती अगदी थंड असते. कुणाचा तोल गेलाय आणि कुणी पूर्ण शुद्धीत निर्णय घेतलाय, हे तिथे नीट बघा.

५. हसू कुठे थांबलं ते लक्षात ठेवा

सिनेमा संपल्यावर लगेच, चहापाण्याच्याही आधी, प्रत्येक गोष्टीपुढे एक-एक ओळ लिहून काढा: मी शेवटचं कुठे हसले, आणि त्यानंतर का नाही. "आवडली", "नाही आवडली" असलं काही लिहू नका.

पाचव्या गोष्टीत याचा खरा कस लागतो. श्रीमंत घरातला तरुण मुलगा गाडीखाली एका गरोदर बाईला चिरडून घरी पळून आलेला आहे. बाप, वकील आणि घरचा जुना माळी एका खोलीत बसतात. माळ्याने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा, बदल्यात मोठी रक्कम. मग तपास करणारा अधिकारी येतो, त्याला काय घडलं ते कळतं, मग त्याचाही वाटा, वकिलाचा वेगळा. ही सिनेमातली सगळ्यात शांत गोष्ट. स्फोट नाही, पाठलाग नाही, नुसती घासाघीस. आणि त्या घासाघिशीवर हसू येतं, कारण सगळे जण बाजारात बसल्यासारखे भाव करतायत. मेलेल्या बाईचं नावही त्या खोलीत कुणी घेत नाही. हे लक्षात आल्यावर माझं हसू जिथे थांबलं, ती जागा मला आजही ठाऊक आहे. माझ्या एका मैत्रिणीला या गोष्टीत मुळात हसूच आलं नाही, आणि तिचं चुकलं असं मला मुळीच वाटत नाही.

गंमत म्हणजे इथे ताबा सुटतो तो सगळ्यात सावध माणसाचा, आणि कशावरून सुटतो ते बघा. पोराने केलेल्या गुन्ह्यावरून नाही.

६. ही माणसं कुठल्या देशातली आहेत?

हे पहिल्यांदा बघताना माहीत नसलं तरी चालेल, दुसऱ्यांदा बघण्याआधी मात्र वाचून घ्या. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनात सरकारने लोकांची बँक खाती गोठवली. स्वतःच्याच खात्यातून आठवड्याला २५० पेसोंच्या वर काढता येईना. लोक भांडी बडवत रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं मेली, आणि २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ राजीनामा देऊन सरकारी प्रासादाच्या छतावरून हेलिकॉप्टरने निघून गेले. खिडकीपलीकडच्या माणसाकडून "नियम आहे" हे वाक्य एका अख्ख्या पिढीने ऐकलं होतं. सिनेमा यातलं काही सांगत बसत नाही. पण सिमॉनने काच फोडली तेव्हा तिथल्या प्रेक्षकांच्या मनात फक्त उचललेली गाडी नसणार, असं मला ठामपणे वाटतं.

७. मग पुढे काय बघायचं

लगेच दुसरी अँथॉलॉजी लावू नका, आठवडाभर जाऊ द्या. मग थोडं मागे जा, १९६३ च्या इटलीत. दिनो रिसी या दिग्दर्शकाचा 'इ मोस्त्री', म्हणजे राक्षस. युद्धानंतर इटलीत पैसा आला, घरोघरी गाड्या आणि टीव्ही आले, त्या काळातला हा सिनेमा. यात तब्बल २० गोष्टी आहेत, काही तर दोन-तीन मिनिटांत आटोपतात. व्हित्तोरिओ गासमान आणि उगो तोन्याझ्झी हे दोनच नट बहुतेक सगळे राक्षस रंगवतात.

एक गोष्ट अशी. नवरा-बायको चित्रपटगृहात बसलेत. पडद्यावर नाझी सैनिक माणसांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घालतात. नवरा इतक्या एकाग्रतेने बघतोय की तो हेलावलाय असं आपल्याला वाटतं. मग तो बायकोकडे झुकून सांगतो की आपल्या बंगल्याला अशीच भिंत बांधू. संपली गोष्ट. इथे कुणाचाही ताबा सुटलेला नाही, आणि म्हणून ती जास्त भीतीदायक आहे. 'वाइल्ड टेल्स'नंतर ही बघितली की कळतं, ताबा सुटणाऱ्या माणसाला निदान काहीतरी लागलेलं असतं.

पायऱ्या मोजायचा सराव करायचा असेल तर 'इनसाइड नंबर नाइन' ही ब्रिटिश मालिका घ्या. २०१४ ते २०२४ या काळात तिचे ५५ भाग झाले, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा, स्वतंत्र. कामावरून आल्यावर एक भाग सहज होतो. सगळे भाग सारखे नाहीत, काही भयाकडे जास्त झुकतात, पण अर्ध्या तासात माणसाला कड्याच्या टोकापर्यंत कसं न्यायचं ही कला तिथे शिकायला मिळते.

योर्गोस लँथिमोसचा 'काइंड्स ऑफ काइंडनेस' (२०२४) सगळ्यात शेवटी ठेवा. दोन तास ४४ मिनिटं, तीन गोष्टी, तेच नट दर गोष्टीत वेगळ्या भूमिकेत. पहिल्या गोष्टीतल्या माणसाने काय खावं, काय वाचावं, बायकोजवळ कधी जावं हे सगळं त्याचा साहेब ठरवतो. एक दिवस एक हुकूम तो नाकारतो. म्हणजे इथे ताबा मुळात त्याच्याकडे नव्हताच, आणि तो हातात आल्यावर त्याची जी दैना होते ती बघवत नाही. जेसी प्लेमन्सला यासाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. नवख्या माणसाने हा आधी लावला तर पुन्हा या वाटेला फिरकायचा नाही, म्हणून शेवटी.

या सगळ्यानंतर 'वाइल्ड टेल्स'कडे परत या. या वेळी सहावी गोष्ट, लग्नाची, दोन गोष्टींसाठी बघा. नवरी फोन लावून खात्री करून घेते तेव्हा मागे नाच चालूच असतो, तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवू नका. आणि ती गच्चीवर जाते तेव्हा तिथे तिला भेटणारा माणूस कोण आहे, तो तिच्याशी कसा बोलतो, ते ऐका. पूर्ण सिनेमात एवढ्या मायेने बोललेली वाक्यं दुसरी नाहीत, आणि त्याच वाक्यांनंतर ती खाली जाते.

शेवटी विमानाच्या गोष्टीनंतर येणारी नावं परत लावा. प्रत्येक कलावंताच्या नावाबरोबर एका रानटी प्राण्याचं छायाचित्र येतं, पहिल्या वेळी ते नुसतं सजावटीसारखं वाटून गेलेलं असतं. आता थांबवत थांबवत बघा, कुठल्या नटाला कुठला प्राणी दिलाय आणि त्याने पुढे काय केलं. दिग्दर्शकाने स्वतःसाठी कोल्हा ठेवला आहे.